दुबईत रुपये, पैठणला डॉलर : ऑनलाइन दुकानात भाव चुकीच्या चलनात दिसत असेल तर

मागच्या दिवाळीच्या तोंडावर पैठणहून एका विणकराच्या मुलाचा फोन आला. "दादा, आमच्या साइटवर इथं घरी बसून डॉलर दिसायलेत, अन् शारजाहून गिऱ्हाईक म्हणतंय की त्याला रुपये दिसायलेत. साइट हॅक झाली का काय?" हॅक झाली नव्हती. वीस मिनिटांत सगळं जागेवर आलं. पण मधल्या दोन दिवसांत किती जण भाव बघून परत फिरले, हे त्याला कधीच कळणार नाही. ज्या घरात एक पैठणी मागावर महिना-दोन महिने चालते, त्या घरासाठी हे नुकसान लहान नाही.

मी छत्रपती संभाजीनगरात राहतो आणि लहान दुकानदारांच्या साइट सांभाळतो. कुणी पैठणी विकतं, कुणी हिमरूच्या शाली, कुणी काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी. इकडची बरीच माणसं आखातात आहेत, बरीच मुलं अमेरिकेत आहेत. त्यामुळे "बाहेरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या चलनात भाव दिसू दे" ही मागणी जवळपास प्रत्येकाची असते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा बिघडते तीही हीच सोय. खालची उदाहरणं वर्डप्रेस (साइट बनवायची प्रणाली) आणि वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवणारा जोड) यांची आहेत, कारण माझं काम त्यावर चालतं. दुसऱ्या प्रणालीत बटणांची नावं वेगळी असतील, पण बिघडण्याच्या जागा याच असतात.

आधी लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं आहे ते नीट बघा. पुढे कुठे वळायचं ते त्यावरच ठरतं.

– भाव एकदा रुपयांत, एकदा डॉलरमध्ये, एकदा दिरहमात दिसतो. थोड्या वेळाने आपोआप बदलतो. (तपासणी ३)
– आकडा तोच, चिन्ह मात्र बदललेलं. १८,००० रुपयांची साडी १८,००० डॉलरला दिसते. (तपासणी २)
– बाहेरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकाच देशाचं चलन दिसतं, मग ते कुठेही असोत. (तपासणी ५)
– डॉलरचा भाव बरोबर, पण दिरहम किंवा रियाल दिसतच नाही, किंवा महिनाभर हलत नाही. (तपासणी ४)
– साडीच्या पानावर दिरहम, पण टोपलीत आणि पैसे भरायच्या पानावर रुपये. (तपासणी ६)
– ५०० रुपयांची सूट अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला ५०० डॉलरची मिळाली. (तपासणी ६)
– कुवेतच्या गिऱ्हाइकाकडून दहावा हिस्साच आला, किंवा जपानच्या गिऱ्हाइकाकडे शंभरपट मागणी गेली. (थेट तपासणी ७, आणि ते चलन आत्ता, याच क्षणी बंद करा.)

तपासणी १. गिऱ्हाइकाला तीन प्रश्न विचारा

याला पैसा लागत नाही, संगणकही लागत नाही. विचारा: तुम्ही आत्ता कुठे आहात? फोनमध्ये सिम कुठलं आहे? व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच देशातून फिरवून आणणारं ॲप, चालू आहे का?

साइटला माणूस दिसत नाही, तिला फक्त त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, दिसतो आणि त्यावरून ती देश ठरवते. नांदेडचे काका मुलाकडे दुबईला गेले आणि इथलंच सिम रोमिंगवर वापरत असले, तर त्यांचं इंटरनेट बहुतेक वेळा भारतातल्या कंपनीच्याच जाळ्यातून फिरून येतं. साइटला ते भारतातच बसलेले वाटतात आणि ती रुपये दाखवते. हा बिघाड नाही. त्यांना घरातल्या वायफायवर येऊन पान पुन्हा उघडायला सांगा. व्हीपीएनचंही तसंच. आखातात इंटरनेटवरून घरी बोलण्यासाठी बरेच जण ते चालू ठेवतात आणि मग विसरतात.

एक स्क्रीनशॉटही मागवा, ज्यात वरची पत्त्याची पट्टी आणि वेळ दिसेल असा. "भाव चुकीचा दिसतो" एवढ्यावर मी पूर्वी तासन् तास घालवले आहेत. स्क्रीनशॉट आला की अर्ध्या वेळा उत्तर त्यातच सापडतं.

तपासणी २. मूळ चलन कुणी बदललं का?

वूकॉमर्सच्या सेटिंग्जमध्ये जनरल या पानावर खाली चलनाचा पर्याय असतो. तिथे भारतीय रुपयाऐवजी डॉलर निवडला की भाव बदलत नाही, फक्त चिन्ह बदलतं. ही जागा हिशोब करत नाही. दुकानात लिहिलेले आकडे कोणत्या नाण्यातले आहेत, एवढंच ती सांगते. घरातलं कुणीतरी "बाहेरच्यांना डॉलर दिसू दे" म्हणून मोठ्या हौसेने हे बदलून ठेवतं, आणि १८,००० रुपयांची पैठणी १८,००० डॉलरची होते.

इथे रुपयाच असू द्या. इतर चलनांचं काम त्यासाठी घेतलेल्या प्लगिनला (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामला) करू द्या. असे दोन प्लगिन एकदम चालू असतील तर एक काढा. दोघेही भाव बदलायला जातात आणि भागाकार दोनदा होतो. साडीचा भाव अडीच-तीन डॉलर दिसायला लागला तर हेच झालं समजा.

तपासणी ३. साठवलेलं पान (बहुतेक वेळा दोषी हेच)

पैठणच्या त्या दुकानात हेच झालं होतं. मी इथे जरा थांबतो, कारण माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त याच जागेच्या आहेत, आणि दुकानदार मात्र दर तपासत बसतात.

साइट झपाट्याने उघडावी म्हणून कॅशे लावलेलं असतं. कॅशे म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून ठेवायचं आणि पुढच्या माणसाला तेच द्यायचं. आता समजा, सकाळी कॅशे रिकामं झाल्यावर साडीचं पान पहिल्यांदा न्यू जर्सीच्या ताईंनी उघडलं. त्यांच्यासाठी डॉलरचं पान तयार झालं आणि तेच साठवलं गेलं. मग पैठणला, पुण्याला, शारजाला, सगळ्यांना तेच डॉलरचं पान. संध्याकाळी साठवण बदलली आणि पहिला माणूस इथला निघाला, की सगळ्यांना रुपये. दर अगदी बरोबर असतात, फक्त एकाचं पान दुसऱ्याच्या हातात पडतं.

खात्री करायची रीत सोपी आहे. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत साडीचं पान उघडा. मग पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून कोणताही निरर्थक शब्द आणि आकडा जोडा आणि पुन्हा उघडा. असा नवा पत्ता साठवणीत सहसा नसतो, त्यामुळे पान ताजं बनून येतं. ताज्या पानात भाव बरोबर आणि साध्या पत्त्यावर चूक, असं दिसलं तर चोर सापडला.

उपाय असे, सोप्याकडून अवघडाकडे:

पहिला, चलनाच्या प्लगिनमध्ये "कॅशे सपोर्ट" किंवा तशा नावाचा पर्याय आहे का बघा. तो चालू केला की पान रुपयांतच साठवलं जातं आणि भाव उघडल्यावर जागेवर बदलतो. क्षणभर रुपये दिसून मग दिरहम येतात, तेवढं चालवून घ्या.

दुसरा, कॅशेला सांगा की प्रत्येक चलनाचं पान वेगळं साठव. चलनाचा प्लगिन गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये एक कुकी, म्हणजे निवडलेल्या चलनाची छोटी नोंद, ठेवतो. त्या कुकीचं नाव कॅशेच्या सेटिंगमध्ये द्यायचं असतं.

तिसरा, वूकॉमर्सच्या त्याच जनरल पानावर गिऱ्हाइकाचं ठिकाण ठरवायचा पर्याय असतो. तिथे "जिओलोकेट" आणि "जिओलोकेट विथ पेज कॅशिंग सपोर्ट" असे दोन वेगळे पर्याय आहेत. कॅशे असेल तर दुसरा निवडा. मग पत्त्याच्या शेवटी काही अक्षरं जोडलेली दिसतील. घाबरू नका, ती त्यासाठीच असतात.

टोपलीचं आणि पैसे भरायचं पान मात्र कधीच साठवू नका. चलनाचा प्रश्न नसला तरीसुद्धा.

आणि लक्षात ठेवा, साठवण एकाच ठिकाणी नसते. प्लगिनची एक, होस्टिंगच्या (साइट जिथे ठेवलेली असते त्या कंपनीच्या) सर्व्हरची एक, आणि साइटपुढे उभी राहून पानं पोचवणारी क्लाउडफ्लेअरसारखी सेवा असेल तर तिची आणखी एक. एक रिकामी करून "काही फरक पडला नाही" म्हणून सांगणारे बरेच भेटतात. तिन्ही रिकाम्या करा, मग बघा.

तपासणी ४. दर ताजे आहेत का?

माझ्या पणजोबांचं तुळजापूरला कापडाचं दुकान होतं. तुळजापूर निझामाच्या राज्यात आणि माल भरायचं सोलापूर इंग्रजांच्या. म्हणजे विकायचं निझामाच्या हाली रुपयात आणि खरेदी इंग्रजांच्या कलदार रुपयात. शंभर कलदाराला हालीचे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै, हा हिशोब त्यांना तोंडपाठ होता. आमच्या घरात अजून एक वही आहे. तिच्यात एकही आकडा उघडा नाही, प्रत्येकापुढे 'हाली' नाहीतर 'कलदार' लिहिलेलंच आहे. ऑनलाइन दुकानात मी हीच शिस्त पाळायला सांगतो. डॉलरचं चिन्ह अमेरिकेचं, कॅनडाचं, ऑस्ट्रेलियाचं, सिंगापूरचं, सगळ्यांचंच आहे. नुसतं चिन्ह टाकू नका, त्यापुढे चलनाची तीन अक्षरी खूण ठेवा: यूएसडी (अमेरिकी डॉलर), सीएडी (कॅनडाचा डॉलर), एईडी (दिरहम). प्लगिनमध्ये त्याची सोय असते.

दर तपासायची माझी एक युक्ती आहे. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ दिरहम. सौदी रियालही तसाच, डॉलरला ३.७५. म्हणून एकाच साडीचा डॉलरचा भाव आणि दिरहमचा भाव शेजारी ठेवा आणि भागाकार करा. २१० डॉलर असेल तर दिरहम ७७१ च्या जवळपास हवेत. उत्तर ३.६७ च्या आसपास आलं तर दोन्ही दर एकाच वेळचे आहेत. ३.४ किंवा ३.९ आलं तर दोघांपैकी एक जुना पडलेला आहे. यासाठी आजचा रुपयाचा दर माहीत असायचीही गरज नाही.

जुना का पडतो? दोन कारणं मला पुन्हा पुन्हा सापडली.

एक, दर जिथून येतात तिथे ते चलनच नसतं. बरेच फुकटचे प्लगिन युरोपियन सेंट्रल बँकेचे संदर्भ दर घेतात. त्या यादीत डॉलर, पौंड, आपला रुपया आहे, पण दिरहम, सौदी रियाल, कुवेती दिनार नाहीत. प्लगिन गुपचूप जुनाच आकडा धरून बसतो. ज्याचं निम्मं गिऱ्हाईक आखातात, त्याने दर कुठून येतो हे आधी बघावं आणि आखाती चलनं असलेला स्रोत निवडावा. ही बँक दर फक्त कामाच्या दिवशी काढते, त्यामुळे शनिवार-रविवार आकडा हलला नाही तर काळजी करू नका.

दुसरं, दर बदलायचं काम वर्डप्रेसच्या स्वतःच्या वेळापत्रकावर असतं, आणि ते वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. साइटवर कुणी आलं की ते जागं होतं. लहान दुकानात दिवसभर कुणी आलंच नाही, किंवा आलेल्याला साठवलेलं पान मिळालं, तर ते झोपूनच राहतं. होस्टिंगच्या पॅनलमध्ये क्रॉन नावाची सोय असते. तिथून दर तासाला ते चालवायला सांगा. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर ते पाच मिनिटांत लावून देतात.

हाताने दर भरत असाल तर येनकडे लक्ष द्या. आपल्याकडे येनचा संदर्भ दर १०० येनला इतके रुपये असा छापला जातो. तो एका येनचा समजून भरला की भाव शंभर पटींनी घसरतो.

तपासणी ५. देश ओळखण्याची यादी

आयपीवरून देश ठरवायला वूकॉमर्स मॅक्समाइंड कंपनीची यादी वापरतं. डिसेंबर २०१९ च्या अखेरीपासून ती यादी उतरवायला लायसन्स की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) लागते. की फुकट मिळते, पण खातं उघडावं लागतं. जुनी साइट नव्या होस्टिंगवर हलवताना ही की मागे राहते आणि यादी येणं थांबतं. सेटिंग्जमध्ये इंटिग्रेशन या पानावर बघा.

दुसरी शक्यता, साइटपुढे क्लाउडफ्लेअरसारखी सेवा लावलेली आहे आणि सर्व्हरला गिऱ्हाइकाऐवजी त्या सेवेचाच आयपी दिसतो. मग निरनिराळ्या देशांतले लोक एकाच देशाचे ठरतात. ती सेवा देशाची खूण वेगळ्या हेडरमध्ये (पानाच्या मागणीसोबत जाणाऱ्या नोंदीत) पाठवू शकते, ती सोय चालू करावी लागते. सर्व्हरवरचं काम तुम्ही आधी केलेलं नसेल तर इथे हात घालू नका, होस्टिंगवाल्यांना सांगा.

काहीही केलं तरी आयपीवरून देश शंभर टक्के बरोबर ओळखता येत नाही. म्हणून पानाच्या वर चलन निवडायची यादी ठेवाच. अंदाज चुकला तर गिऱ्हाईक स्वतः बदलून घेतं.

आणि एक गोष्ट फार कुणाच्या लक्षात येत नाही. गूगलचा पानं वाचणारा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. तुमची साइट त्याला डॉलर दाखवते, आणि तुम्ही गूगलला दिलेल्या मालाच्या यादीत मात्र रुपये असतात. मग "भाव जुळत नाही" म्हणून माल नाकारला जातो. गूगलला दिलेल्या दुव्यातच चलन लिहून ठेवायची सोय बऱ्याच प्लगिनमध्ये असते. तिने त्या दुव्यावर नेहमी रुपयेच दिसतात आणि तक्रार मिटते.

तपासणी ६. साडीच्या भावापलीकडचे आकडे

साडीचा भाव बदलतो, पण टपालखर्च, सूट आणि "इतक्याच्या वर खरेदी केली तर टपाल मोफत" ही अट तशीच राहते. १,५०० रुपये टपालखर्च १,५०० डॉलर होऊन बसला की गिऱ्हाईक टोपली तिथेच सोडून जातं. प्रत्येक चलनात एकेक खोटी ऑर्डर टाकून शेवटच्या पायरीपर्यंत जा, पैसे भरायच्या आधी थांबा, आणि प्रत्येक ओळ वाचा. सूट शक्यतो टक्क्यांत द्या, म्हणजे ती कुठल्याही चलनात बरोबर राहते.

पत्ता भरल्यावर भाव थोडा उतरला तर तो दोष असेलच असं नाही. साडीवरचा ५ टक्के जीएसटी धरून तुम्ही भाव लिहिला असेल, तर परदेशी पत्ता दिल्यावर तो कर वजा होतो. निर्यातीवर शून्य दर आहे. मात्र कर न भरता माल पाठवायला एलयूटी हे हमीपत्र दाखल करावं लागतं आणि निर्यातदाराचा आयईसी क्रमांकही लागतो. हे सीएला विचारून आधी करून घ्या. साइटमध्ये बटण आहे म्हणून आपण मोकळे झालो असं नसतं.

आता टोपलीत रुपये का येतात ते. तुमच्या पेमेंट खात्यावर परदेशी चलन घ्यायची परवानगीच नसेल, तर दिरहमातला भाव फक्त माहितीसाठी आहे आणि पैसे रुपयांतच कापले जातात. हा बिघाड नाही, पण गिऱ्हाइकापासून लपवणं चूक आहे. त्याची बँक रुपयांचा दिरहम आपल्या दराने करते आणि बहुतेक वेळा वर आपलं शुल्कही लावते. मग साइटवर ७७१ दिसलं आणि खात्यातून ७९० गेले, तर त्याला आपण फसवलं असंच वाटणार. भावाखाली सरळ लिहा: "दिरहमातला भाव अंदाजे. पैसे भारतीय रुपयांत कापले जातील." हे एक वाक्य टाकल्यापासून माझ्याकडच्या दुकानांची भांडणं जवळपास थांबली आहेत.

तपासणी ७. दशांशाचा घोळ (इथे थांबा)

पेमेंटची बहुतेक यंत्रणा रक्कम सगळ्यात लहान नाण्यात मागते. १८,००० रुपये म्हणजे १८,००,००० पैसे. प्लगिन लिहिणाऱ्याने डोळे झाकून सगळीकडे शंभराने गुणलं असेल, तर रुपया, डॉलर, दिरहम बरोबर चालतात. पण कुवेती दिनाराचे हजार फिल्स होतात. बहरीनचा दिनार आणि ओमानचा रियालही तसेच, तीन दशांशांचे. २४.५०० दिनारांना शंभराने गुणून २,४५० पाठवले, तर तिकडे ते २.४५० दिनार समजले जातात आणि साडी दहाव्या हिश्श्यात जाते. येनला लहान नाणंच नाही, तिथे शंभराने गुणलं की ३०,००० येनचे ३० लाख येन होतात.

हे दिसलं तर स्वतः दुरुस्त करू नका. कोडमधला एक आकडा बदलून पाहतो म्हणत खऱ्या गिऱ्हाइकाच्या कार्डावर प्रयोग होतात. ते चलन प्लगिनमधून बंद करा, त्या देशांना तात्पुरते डॉलर दाखवा, आणि प्रोग्रामरला बोलवा.

आणखी केव्हा थांबायचं

तिन्ही साठवणी रिकाम्या करून, चलनाचा एकच प्लगिन ठेवून बाकीचे चलनाचे प्लगिन बंद करूनही भाव उड्या मारत असेल, तर होस्टिंगवाल्यांना सांगा. सर्व्हरची साठवण तुमच्या हातात नसते. भाव बदलणारा कोड कुणी थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या साच्याच्या) फाइलमध्ये हाताने लिहून ठेवला असेल, तर प्रोग्रामरशिवाय हात लावू नका. दाखवलेली आणि कापलेली रक्कम एकाच चलनात असूनही वेगळी निघाली, तर पेमेंट कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा.

फोन करण्याआधी हे जवळ ठेवा: स्क्रीनशॉट, ऑर्डरचा क्रमांक, गिऱ्हाइकाचा देश, कोणतं सिम की वायफाय, चलनाच्या आणि कॅशेच्या प्लगिनची नावं, आणि शेवटचा बदल कुणी व केव्हा केला. कार्डाचा क्रमांक गिऱ्हाइकाकडे मागू नका आणि कुणी दिला तरी कुठे लिहून ठेवू नका.

आणि कुणाकडून जास्त पैसे कापले गेले असतील, तर फरकाची रक्कम वेगळी बँकेतून पाठवू नका. ज्या व्यवहारात चूक झाली तोच पेमेंटच्या पॅनलमधून पूर्ण परत करा आणि नवी ऑर्डर बरोबर भावाने घ्या. परत गेलेली रक्कम त्यांच्या बँकेच्या त्या दिवशीच्या दराने जमा होते. थोडी कमी दिसू शकते, हे त्यांना आधीच फोन करून सांगा.